आठ तासांवरचं पाणी

नागझरी, ता. शिरूर
१० जून १९७३

चि. सौ. चांगुणास,
दादाचा जयभीम आणि आईचा डोक्यावरून हात. वि. वि.

तुझ्या दादाला सरकारी काम लागलं. हसू नकोस. पावसाळ्यापुरतं आहे, चार महिन्यांचं. भीमेच्या पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेत. ती पट्टी सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला वाचायची आणि वहीत लिहायची. पाणी लाल रेघेला टेकलं की दर तासाला. मग पोस्टात पळायचं, शिरूरच्या ऑफिसला फोन लावायचा आणि त्यानंतर नदीकाठच्या खालच्या पाच गावांना. आई म्हणते, दोन वर्षं नदीत टिपूस नाही, तू मोजणार काय? खोटं नाही. आज पट्टीच्या बुडाशी शेरडं बसली होती. मी वहीत ‘निरंक’ लिहिलं आणि खाली सही ठोकली.

त्या पाच गावांत शेवटचं नाव तुमच्या बेलथडीचं आहे. साहेब म्हणाले, इथून निघालेलं पुराचं पाणी बेलथडीला पोचायला आठ तास लागतात. लहानपणी गावातली सगळी भांडणं तुला माझ्या आधी कळायची. आता नदीची बातमी तरी मला आठ तास आधी कळणार.

थट्टा बाजूला. तुमच्या गावात हा फोन कोण घेतं आणि निरोप तुमच्या वस्तीपर्यंत कोण आणतं, एवढं विचारून कळव. तुझ्या सासऱ्यांना, सासूबाईंना आणि दाजींना जयभीम. धाकटीचा पापा. आमच्यावर आहे तशीच माया राहू दे.

तुझा दादा,
मच्छिंद्र

---

बेलथडी, ता. दौंड
२४ जून १९७३

ती. स्व. दादास,
चांगुणाचा वाकून जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. शेरडांचं ऐकून मामंजी न् आत्याबाई इतके हसले की आत्याबाईंना ठसका लागला. आमच्याकडं बी तीच गत हाय. दुष्काळात वस्तीची विहीर आटली, गावच्या विहिरीवर रोजची भांडणं, म्हणून आमची अकरा घरं खाली नदीच्या पात्राकडंला उतरली, हे तुला ठाऊक हाय. तिथं झिरा खांदला, पाणी लागलं. आता बायकांनी वाळूत वांगी न् काकडी लावलीय. माझ्या शेजारची रंभा तर लेकराला झोळीत घालून दिवसभर तिथंच असती.

तू विचारलंस ते पोस्टात जाऊन विचारलं. फोन पोस्टमास्तर ज्योतिबांच्या घरात हाय. माणूस गरीब, पण पाटलाला लई भिऊन असतो. फोन आला की ते चिठ्ठी लिहून पोलीस पाटील शंकररावांच्या हातात देणार, पाटील कोतवालाला सांगणार, कोतवाल दवंडी देणार. मी विचारलं, आमच्या वस्तीत? तर ते चष्मा पुसत बसले.

घरी येऊन मामंजींना विचारलं. ते म्हणाले, पोरी, तीस वर्षं गावाची दवंडी मीच दिली. उन्हापावसात गळ्यात हलगी घालून. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, आन् हलगी चावडीच्या पायरीवर ठेवून सांगितलं, आजपासून हे हात माझे. तवापासून गावाची दवंडी येशीपाशी थांबती. मला वाटलं ते रागानं बोलतील. पण भाकरीला मीठ कमी हाय, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

ह्यांची दौंडच्या लोको शेडात दिवसपाळी हाय. सायकलनं जातेत, येतेत. आईला सांग, धाकटी आता ‘मामा’ म्हणायला लागली. कागद संपला, माया संपली न्हाई.

तुझी,
चांगुणा

---

नागझरी
२ जुलै १९७३

चि. सौ. चांगुणास,
जयभीम आणि खुशाली. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी शिरूरला जाऊन साहेबांना भेटलो. म्हणालो, बेलथडीची दवंडी एका वस्तीला पोचत नाही. ते म्हणाले, आपलं काम गावाला कळवायचं, गावाच्या आत काय होतं ते पाटील बघतील. लेखी अर्ज दिला तर तो त्यांनी घडी करून टेबलाच्या काचेखाली सारला.

तेव्हा तूच पाटलांना भेट. भांडू नकोस. तुझी जीभ मला माहीत आहे. आणि काहीही म्हणाले तरी सकाळी एकदा पोस्टात डोकावत जा. आभाळाकडं पाहून ठरवू नकोस. तुमच्याकडं ऊन असेल तेव्हाच वर घाटात कोसळत असेल. नदीला तुमच्या आभाळाशी काही देणंघेणं नसतं.

आईचे गुडघे दुखतात. बाकी ठीक. दाजींना नमस्कार सांग आणि आमची आठवण ठेव.

मच्छिंद्र

---

बेलथडी
१९ जुलै १९७३

ती. स्व. दादास,
जयभीम. वि. वि.

पाटलांना भेटले. भांडले न्हाई. ते ओट्यावर दाढी करत होते. मी खाली उभी राहून सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या सासऱ्याला, हरिबाला, पुन्हा हलगी घ्यायला सांग, मग दवंडी आपोआप तुमच्या दारापर्यंत येईल. शेजारी बसलेली दोन माणसं हसली. पाटील हसले न्हाईत. त्यांना ते खरंच बरोबर वाटत होतं, दादा.

मी मामंजींना सांगणार नव्हते, पण वस्तीत बातमी माझ्या आधी पोचली. सांजच्याला ते म्हणाले, पाण्यात जाईन पण ती हलगी घेणार न्हाई. मला त्यांचा बी राग आला. आत चुलीपाशी जाऊन रडले. पाटलानं बोलायचं, आन् जीव आमचा टांगणीला.

परवा थोडं पाणी आलं होतं, वाळूतल्या वांग्यांत घोट्याएवढं. फोन आला होता म्हणं. गावात दवंडी झाली. मला ते गिरणीत बायकांकडून कळलं. तवापासून मी रोज सकाळी पोस्टात जाती. ज्योतिबा मास्तर मला लांबनंच बघून मान हालवतेत, फोन न्हाई म्हणून. वस्तीतल्या बायका मला ‘पोस्टमन’ म्हणाय लागल्या. रंभा तर विचारती, माझी मनीऑर्डर आली का गं?

आईच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध. लोभ कमी होऊ देऊ नको.

चांगुणा

---

(कार्ड)
नागझरी, ६ ऑगस्ट १९७३

चि. सौ. चांगुणास, जयभीम.
वर घाटात तीन दिवस झड लागली आहे. इथं पाणी रोज फूटभर चढतंय. पोस्टात जाणं एक दिवसही चुकवू नकोस. शेरडं, धान्य आत्ताच वर न्या. घाईत लिहितो.
मच्छिंद्र

---

नागझरी
११ ऑगस्ट १९७३

चि. सौ. चांगुणास,

तुमच्याकडून काही कळत नाही. परवा गुरुवारी सकाळी सहाला पाणी लाल रेघेच्या चार फूट वर होतं. मी पोस्टात पळालो. बेलथडीचा फोन सहा वीसला लागला. ज्योतिबा मास्तरांचा आवाज मी ओळखतो. मी सांगितलं, मोठं पाणी आहे, दोनच्या सुमाराला तुमच्याकडं पोचेल. त्यांनी ते परत म्हणून दाखवलं. मी वहीत त्यांचं नाव आणि वेळ लिहिली. दहा वाजता पुन्हा फोन केला तर लाइन बंद.

पुलावरून पाणी गेलं, गाड्या बंद आहेत. पट्टी सोडून मला हलता येत नाही, आणि हललो तरी नदी ओलांडायची कशी? आई दोन दिवस जेवलेली नाही. एक ओळ टाक. नुसतं नाव लिही आणि टाक.

दादा

---

दौंड, रेल्वे कॉलनी
१८ ऑगस्ट १९७३

ती. स्व. दादास,
वि. वि. मी हाय. हे हायेत. धाकटी हाय. आत्याबाई हायेत. मामंजी न्हाईत.

सगळं लिहिती. एकदाच लिहिती, पुन्हा विचारू नको.

तुझं कार्ड मला गुरुवारनंतर मिळालं. गुरुवारी धाकटीचं अंग तापलेलं होतं. मी पोस्टात गेले न्हाई. ह्यांच्या सायकलवर बसून सकाळीच दौंडच्या दवाखान्यात आले. आभाळ निळं होतं, लख्ख ऊन पडलेलं. मनात म्हणलं, एका दिवसानं काय होतंय?

दवाखान्यात गर्दी होती. परत निघायला दोन वाजले. वाटेत लोक पळत येताना दिसले. टेकाडावरनं पाहिलं तर नदी आमच्या वस्तीच्या वरनं चाललेली. तांबडं पाणी, त्यात अख्खी कडब्याची गंज तरंगत होती, एक छप्पर होतं. आमच्या घरांच्या जागी नुसता लिंबाचा शेंडा. आन् वर ऊन, दादा. पाण्यावर ऊन चमकत होतं.

आता पुढचं मला लोकांनी सांगितलं ते. गावात दवंडी सकाळी सातला झाली. सगळ्या आळ्यांत झाली. पाटलांनी नदीवरलं पाण्याचं इंजिन नऊ वाजता बैल लावून वर काढून नेलं. आमच्या बायकांनी ते वाळूत उभ्या राहून पाहिलं. रंभा म्हणाली होती म्हणं, बिघडलं वाटतं इंजिन, दुरुस्तीला चाललंय. कोणी विचारलं न्हाई. इंजिन नेणाऱ्या गड्यांनी सांगितलं न्हाई.

मामंजी साडेबाराला दळण घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाला म्हणाला, हरिबा, तुमची माणसं अजून खालीच? दवंडी तर सकाळीच झाली की. मामंजींनी पीठ तिथंच टाकलं. पासष्ट वर्षांचा माणूस, पाऊण मैल पळत आला. आत्याबाई सांगतात, त्यांना आधी बोलताच येईना, धापच लागली होती. बायकांनी आभाळाकडं पाहिलं आन् हसल्या. म्हातारा उन्हानं बिघडला म्हणाल्या. तवा त्यांनी कुणाच्या तरी दारचा रॉकेलचा डबा उचलला आन् बडवत सुटले. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, वाळूत उतरून, परत वर. पाणी, पाणी, वर चला. आत्याबाई म्हणतात, तो आवाज त्यांनी सतरा वर्षांनी ऐकला. त्यांना राग आला का रडू आलं, त्यांचं त्यांना कळलं न्हाई.

माणसं हालली. शेरडं, अंथरुणं, हंडे घेऊन टेकाडाकडं निघाली. त्रेचाळीस माणसं वर आली. मग रंभाच्या ध्यानात आलं, लेकरू झोळीत ऱ्हायलं. तिला वाटलं सासूनं घेतलं, सासूला वाटलं तिनं घेतलं. ती मागं पळाली. मामंजी तिच्या मागं पळाले. पाणी तवा झिऱ्याशी आलं होतं म्हणतात. गुडघ्याएवढं होतं, आन् मग एकदम घराएवढं झालं.

रंभा दुसऱ्या दिवशी सापडली. मामंजी तिसऱ्या दिवशी दोन मैल खाली बाभळीत अडकलेले सापडले. लेकरू सापडलं न्हाई. रंभाचा नवरा अजून काठाकाठानं हिंडतोय.

मी त्या दिवशी पोस्टात गेले असते तर सव्वासातला वस्तीत सांगितलं असतं. हे मला कुणी बोलत न्हाई. हे बोलत न्हाईत, आत्याबाई बोलत न्हाईत. तूच बोल.

चांगुणा

---

नागझरी
२६ ऑगस्ट १९७३

चि. सौ. चांगुणास,

आईनं तुझं पत्र उशाशी ठेवलं आहे. तिला वाचता येत नाही, तरी ठेवलं आहे.

तू मला बोल म्हणालीस. मी खोटं बोलणार नाही. तू गेली असतीस तर कळलं असतं. पण लेकराला ताप असताना दवाखाना सोडून पोस्टात जाऊन उभं राहणं, हे काम तुझं कुणी ठरवलं होतं? ज्यांचं काम होतं ते सातला जागे होते आणि नऊला इंजिन वर नेत होते. माझ्याकडं सांगायला एवढंच आहे. त्यानं तुला झोप लागेल असं मी म्हणत नाही.

आता दुसरं. काल साहेब आले होते. बेलथडीच्या पाटलांनी वर लिहून दिलंय की फोन साडेबाराला आला आणि त्यांनी ताबडतोब सगळ्या गावाला सावध केलं. साहेबांनी माझी वही उघडून ते पान बराच वेळ पाहिलं. म्हणाले, मच्छिंद्र, घाईत वेळ लिहिताना माणसाची चूक होते. पुढच्या वर्षी तुला कायम करायचा विचार आहे. मी म्हणालो, चूक नाही झाली. ते म्हणाले, विचार कर.

मी विचार केला. मग त्या पानाची नक्कल केली, शाळेच्या हेडमास्तरांकडून खरी नक्कल म्हणून सही-शिक्का घेतला. ती या पाकिटात आहे. दाजींना म्हणावं, दौंडला चौकशी लागली की तहसीलदारांच्या हातात द्या, दुसऱ्या कुणाच्या नाही.

तिथं तू पाहिलेलंच सांग. न पाहिलेलं ज्यांनी पाहिलं त्यांना सांगू दे. भाकरी खात जा.

तुझा दादा

---

दौंड
१२ ऑक्टोबर १९७३

ती. स्व. दादास,
जयभीम. वि. वि.

चौकशी झाली. तुला पट्टी सोडून येता आलं न्हाई, म्हणून जसं झालं तसं लिहिती.

पाटलांनी साडेबाराच सांगितलं. ह्यांनी तुझी नक्कल पुढं ठेवली. तहसीलदारांनी ती वाचली आन् ज्योतिबा मास्तरांना बोलावलं. ते आधी पाटलांकडं बघत होते. मग त्यांची नजर रंभाच्या नवऱ्यावर गेली. तो भिंतीला टेकून उभा होता, पायात चप्पल बी नव्हती. मास्तर खाली मान घालून म्हणाले, साहेब, सहा वीसला फोन आला, सहा पंचवीसला चिठ्ठी मी पाटलांच्या हातात दिली. मग तिथंच रडायला लागले.

पाटलांना विचारलं, वस्तीला का सांगितलं न्हाई? ते म्हणाले, गावात दवंडी दिली म्हंजी सगळ्यांनाच दिली, वस्ती काय गावाबाहेर हाय? दादा, सतरा वर्षांत वस्ती गावात हाय असं ते पहिल्यांदा बोलले.

पाटलांना ताकीद मिळाली. बस्स. तीन माणसं गेली आन् एक ताकीद.

तहसीलदार म्हणाले, यापुढं वस्तीसाठी निरोप घेणारं वेगळं माणूस नेमू, नाव सांगा. मी म्हणलं, माझं लिहा. घरी आल्यावर आत्याबाई भडकल्या. म्हणाल्या, माझ्या माणसानं जे चावडीवर टाकलं ते तू उचललंस? मी म्हणलं, आत्याबाई, त्या दिवशी त्यांनी काय केलं मग? त्या आत निघून गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या न्हाईत. तिसऱ्या दिवशी धाकटीला न्हाऊ घालताना म्हणाल्या, डबा फुटका होता गं, त्यांच्या बोटातनं रगत येत होतं. एवढंच.

आम्ही आता नदीवर राहणार न्हाई. वरच्या माळावर कुडं घालतोय. पाणी लांबनं आणावं लागंल. आणू. लोभ ठेव.

चांगुणा

---

नागझरी
१५ जून १९७४

चि. सौ. चांगुणास,
जयभीम. वि. वि.

यंदा वहीवर दुसरं नाव आहे. का, ते साहेबांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सध्या खडीच्या खाणीवर जातो. आई म्हणते, तुझं पाणी मोजायचं वेड तरी सुटलं. सुटलेलं नाही. संध्याकाळी पुलावर जाऊन बसतोच.

नवीन पोरगा बरा आहे. त्याला मी पट्टी वाचायला शिकवली, लाटेचा खालचा आकडा धरायचा की वरचा, तेही सांगितलं. एक पक्कं बजावलं आहे: बेलथडीचा फोन सगळ्यांत आधी लावायचा, आणि मास्तरांना निरोप दिल्यावर चांगुणाबाईंना बोलवा असं म्हणायचं. तू आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

दाजींना जयभीम. आमच्यावर नजर असू दे.

मच्छिंद्र

---

बेलथडी, माळवस्ती
२२ ऑगस्ट १९७४

ती. स्व. दादास,
चांगुणाचा जयभीम. वि. वि.

मंगळवारी फोन आला. सकाळी साडेदहा. मास्तरांनी स्वतः माळापर्यंत येऊन मला नेलं. तुझ्या पोरानं फोन धरून ठेवला होता. म्हणाला, मोठं पाणी हाय, सांजच्याला साडेसहापर्यंत पोचंल.

आमची वस्ती तर वरच हाय. खाली आता गावची खालची आळी, मेंढरं घेऊन उतरलेले धनगर, आन् पाटलांच्या मळ्यातले गडी. मास्तर चिठ्ठी घेऊन पाटलांकडं गेले तर पाटील बारामतीला गेलेले. कोतवाल त्यांच्याबरोबर. मास्तर चिठ्ठी हातात धरून वाटंत उभे. माझ्याकडं बघायला लागले.

दादा, खोटं सांगत न्हाई. मी तिथं उभी राहिले. लई वेळ न्हाई, पण राहिले. मनात आलं, घरी जावं. माझं काम वस्तीचं. मग पाय आपोआप निघाले. हलगी न्हाई, डबा न्हाई, नुसती दारोदार गेले. खालच्या आळीत त्या दारांपुढं मी आधी कवा उभी राहिले नव्हते. पाटलांच्या घरी त्यांची बायको पार्वतीबाई बाहेर आली. तिनं फक्त विचारलं, किती वेळ हाय? मी म्हणलं, साडेसहापर्यंत. ती ओट्यावरनं खाली उतरली आन् माझ्याबरोबर गड्यांना सांगायला मळ्यात आली.

मग दुपारभर खालचे लोक माळावर सामान आणत होते. आधी पोरं न् म्हातारी माणसं, मग गुरं, कणग्या, जाती, कोंबड्यांच्या पाट्या. एकीनं चूल उकरून आणली. एका धनगरानं लंगडी मेंढी खांद्यावर घालून तीन खेपा केल्या. खालच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं तर घराचं दार चौकटीसकट काढलं आन् दोन लेकांच्या खांद्यावर देऊन वर आणलं. आणून झाल्यावर बसून तंबाखू मळली. पाणी यायला अजून दीड तास होता. आलं तवा त्याला न्यायला काई उरलं नव्हतं.

आत्याबाई दुपारपासनं माळाच्या कडंला उभ्या राहून हे बघत होत्या. बसा म्हणलं तरी बसल्या न्हाईत. ते दार वर आलं तवा त्या माझ्याकडं वळल्या आन् म्हणाल्या, एवढा वेळ असतो व्हय गं?

ह्याला काय सांगावं, ते तुला सुचलं तर कळव. आईला माझा जयभीम, आन् तू पुलावर फार वेळ बसत जाऊ नको. माया आहे तशी असू दे.

तुझी,
चांगुणा